शेजारचे बेट, तासाभराचे पाणी

आपण एका बेटावर राहतो, याची आठवण मुंबईकराला सहसा होत नाही. माहीमची खाडी ओलांडताना क्षणभर पाणी दिसते खरे, पण त्या वेळी त्याचे लक्ष घड्याळाकडे असते. कुलाबा, लहान कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही सात बेटे भराव टाकून आणि बांध घालून एकमेकांना जोडली गेली. १८३८मध्ये कुलाब्याचा रस्ता झाला, १८४५मध्ये माहीमहून वांद्र्याकडे जाणारा. त्यानंतर नावेत पाय न ठेवता मुंबईकराला सगळीकडे जाता येऊ लागले. पूर्वेकडचे एक बेट मात्र या सांधेजोडीतून सुटले. ते म्हणजे घारापुरी. गेट वे ऑफ इंडियापाशी लाँचमध्ये बसणारा प्रवासी 'एलिफंटाची लेणी बघायला' म्हणून निघतो, पण वस्तुतः तो एका बेटावरून शेजारच्या बेटावर चाललेला असतो. त्याच भावनेने गेले, तर दिवस निराळा जातो.

अंतर साधारण दहा किलोमीटरचे आणि वेळ सुमारे तासाभराचा. सकाळी नऊच्या सुमारास लाँच सुटू लागतात आणि दुपारपर्यंत ठराविक अंतराने सुटत राहतात. परतीची शेवटची लाँच संध्याकाळी साडेपाचच्या आसपास असते. सोमवारी लेणी बंद असतात. ही साधी गोष्ट ठाऊक नसल्यामुळे हिरमुसलेली पाहुणेमंडळी दर सोमवारी अपोलो बंदरावर दिसतात. शक्यतो पहिल्या एक-दोन लाँच पकडाव्यात. गर्दी टळते हे एक कारण झाले, पण त्याहून महत्त्वाचे कारण वाऱ्याचे आहे. सकाळी बंदरातले पाणी बहुधा शांत असते. दुपारनंतर समुद्रावरून पश्चिमेचा वारा सुटतो, लाटा आखूड आणि उभ्या होतात व लाँच डुलू लागते. पोटात ढवळणाऱ्यांनी येताना आणि जाताना खालच्या मजल्यावर मध्यभागी बसावे. वरच्या मजल्यासाठी थोडे जास्त पैसे घेतात, परंतु हेलकावेही तिथेच जास्त बसतात.

आता भरती-ओहोटीविषयी. पर्यटनाच्या माहितीपुस्तिकांत हा विषय क्वचितच येतो, आणि चढण्या-उतरण्याचे सुख-दुःख तर पुष्कळसे त्यावरच अवलंबून असते. कोकणातल्या जुन्या माणसांकडे यासाठी एक सोपे गणित आहे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. येणारी संख्या म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. पौर्णिमा किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा. अष्टमीला सहा. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. प्रत्यक्षात वेळ थोडी मागेपुढे होते, पण दिनदर्शिका पाहून दिवसाचा अंदाज बांधायला एवढे पुरते.

याचा सहलीशी संबंध असा. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण असते आणि भरती-ओहोटीच्या पातळ्यांत चार मीटरांहूनही अधिक फरक पडतो. अशा दिवशी सकाळी जाताना पाणी धक्क्याच्या वरच्या पायऱ्यांना लागलेले असते आणि प्रवासी सहज लाँचमध्ये पाऊल टाकतो. संध्याकाळी परतताना तेच पाणी पार खाली गेलेले असते. शेवाळलेल्या, निसरड्या पायऱ्या उघड्या पडतात, एकीला एक लागून उभ्या असलेल्या लाँच ओलांडत यावे लागते आणि बरोबर आजी-आजोबा असतील तर जीव मुठीत धरावा लागतो. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. तेव्हा फरक कमी पडतो आणि चढणे-उतरणे सुकर होते. वृद्धांना घेऊन जायचे असेल, तर आपण रविवार पाहतो, तशी तिथीही पाहावी.

लाँच सुटली की मागे ताजमहाल हॉटेल आणि गेट वे हळूहळू लहान होत जातात आणि मुंबईचे बंदर समोर उलगडू लागते. थोड्याच वेळात 'मिडल ग्राऊंड' हे नौदलाच्या ताब्यातले चिमुकले बेट दिसते. पुढे जवाहर द्वीप, म्हणजे जुने 'बुचर आयलंड'. तेलवाहू जहाजे इथे रिकामी होतात. तिथे सामान्य माणसाला प्रवेश नाही. ऑक्टोबर २०१७मध्ये या बेटावरच्या डिझेलच्या टाकीला वीज पडून आग लागली, तेव्हा अनेक मुंबईकरांना हे बेट अस्तित्वात आहे, हे प्रथमच कळले. डावीकडे दूरवर तुर्भ्याच्या डोंगरापाशी भाभा अणुसंशोधन केंद्राचा घुमट दिसतो, समोर उजवीकडे न्हावाशेवा बंदराच्या उंच क्रेन. हिवाळ्यात कुरव पक्षी लाँचच्या मागे थव्याने येतात आणि प्रवासी त्यांना वेफर्स, गाठिया भिरकावतात. छायाचित्रे छान येतात, यात शंका नाही. तळलेले, खारवलेले पीठ हे पक्ष्याचे अन्न नव्हे, एवढेच त्यावर म्हणता येईल.

याच मार्गावर १८ डिसेंबर २०२४ रोजी दुपारी चारच्या सुमारास मोठा अपघात झाला. घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी लाँचवर जवाहर द्वीपाजवळ नौदलाची एक वेगवान नौका आदळली. त्या नौकेच्या इंजिनाची चाचणी सुरू होती आणि तिच्यावरचे नियंत्रण सुटले होते. लाँचवर शंभराहून अधिक माणसे होती. नौदल, तटरक्षक दल, केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल आणि आसपासच्या नौका धावल्या, म्हणून बहुतेक जण वाचले. तरीही दोन्ही नौकांवरचे मिळून १५ जण दगावले. त्या लाँचला जेवढ्या माणसांचा परवाना होता, त्याहून अधिक माणसे तिच्यावर होती, असे नंतर उघड झाले. मग जीवनरक्षक जाकिटांची सक्ती आली.

या जाकिटाकडे नाक मुरडण्याची आपली सवय जुनी आहे. उकडते, वास येतो, फोटो बिघडतो, ही कारणे प्रत्येक लाँचवर ऐकू येतात. पण जाकीट डोक्यावरच्या फळीवर रचून ठेवलेले असेल, तर त्याचा उपयोग शून्य. नौका कलंडते, तेव्हा हाताशी मिनिटे असतात, कधी तेवढीही नसतात. त्या गोंधळात बंद बांधण्याइतके भान कोणालाच राहत नाही. ते गेट वेपाशी बसल्या बसल्याच चढवावे, लहान मुलांना त्यांच्या मापाचे मागावे. दुसरी गोष्ट समतोलाची. दुमजली लाँचचा भार वर चढलेला असतो. काही तरी दिसले म्हणून वरच्या मजल्यावरची सगळी माणसे एका कठड्याकडे धावली, की तो भार एकाच बाजूला सरकतो आणि नौका त्या बाजूला कलते. सारंग ओरडतो तो उगाच नव्हे. आणि लाँच डोळ्यांनाच खचाखच भरलेली दिसत असेल, तर उतरून पुढची घ्यावी. अर्धा तास जाईल, जाऊ द्यावा.

घारापुरीभोवतीचे पाणी उथळ आहे. ओहोटीला किनाऱ्यालगत लांबवर चिखल आणि तिवरांची झाडे उघडी पडतात. त्यामुळेच इथली जेट्टी इतकी लांब आहे. तिच्यावर पर्यटकांसाठी चिमुकली आगगाडी ठेवलेली आहे. मुले हट्ट करणारच, पण चालणाऱ्याला चिखलातले बगळे आणि कोळ्यांच्या होड्या पाहायला मिळतात. पुढे सुमारे १२० पायऱ्या, दुतर्फा दुकाने आणि माकडे. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोलीची सोय असते. हातात खाण्याची पिशवी मात्र ठेवू नये.

लेण्यांवर स्वतंत्र ग्रंथ आहेत, तेव्हा इथे एवढेच सांगतो, की आत शिरताच घाईने 'त्रिमूर्ती'कडे धावू नये. मुख्य लेणे उत्तराभिमुख असून पूर्वेला आणि पश्चिमेलाही ते उघडे आहे. उजेड तिन्ही बाजूंनी येतो. उत्तरेकडून पाहिले तर दृष्टी सरळ दक्षिणेच्या भिंतीतल्या सदाशिवावर जाते. पूर्वेकडून आले, तर समोर चार दारांचे गर्भगृह आणि त्याचे धिप्पाड द्वारपाल येतात. एकाच लेण्यात असे दोन मार्ग खोदणाऱ्यांनी योजले आहेत. सुमारे साडेपाच मीटर उंचीच्या त्या मूर्तीला आपण त्रिमूर्ती म्हणत आलो, पण ती ब्रह्मा-विष्णू-महेशाची नाही. तिन्ही मुखे शिवाचीच आहेत. मध्ये शांत तत्पुरुष, एका बाजूला उग्र अघोर आणि दुसऱ्या बाजूला कोमल, जवळजवळ स्त्रीरूप वामदेव. डोळे अंधाराला सरावेपर्यंत पाच मिनिटे तिथे नुसते उभे राहिले, तर ती मुखे एकामागून एक पुढे येऊ लागतात. शिव-पार्वतीचा विवाह, गंगावतरण, अर्धनारीश्वर, कैलास हलवणारा रावण हे पट त्यानंतर पाहावेत.

लेणी सहाव्या शतकातली मानली जातात आणि बरेच अभ्यासक त्यांचा संबंध कलचुरी राजा कृष्णराज याच्याशी जोडतात. लेखी पुरावा हाती नाही. इथला एक शिलालेख पोर्तुगिजांनी काढून पोर्तुगालला पाठवला आणि तो तिकडे हरवला. त्याच काळात शिल्पांची मोडतोडही झाली. १९८७मध्ये युनेस्कोने लेण्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. मात्र बेटाचा इतिहास लेण्यांहून जुना आहे. पूर्वेकडच्या टेकडीवर विटांच्या स्तूपाचे अवशेष आहेत आणि मोराबंदरच्या किनाऱ्यावर भूमध्य समुद्राकडून आलेल्या कुंभांची खापरे सापडली आहेत. आज आपण जिथे सहलीला जातो, तिथे एके काळी परदेशी व्यापार चालत होता.

बहुतेक पर्यटक लेणी पाहून, मक्याचे कणीस खाऊन परततात. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावे या बेटावर आहेत, हे त्यांच्या गावीही नसते. वस्ती हजार-बाराशेची. बेट रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात मोडते. दवाखाना, बाजार, कचेरी, पुढचे शिक्षण, कशासाठीही पाणी ओलांडणे चुकत नाही. पर्यटकासाठी हौसेची असलेली लाँच ही या माणसांची लोकल आहे, आणि तिला रात्रीची फेरी नाही. समोर मुंबईचा झगमगाट रात्रभर दिसत असताना ही गावे संध्याकाळी काही तास जनित्रावर दिवे लावून मग काळोखात जात. फेब्रुवारी २०१८मध्ये समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटर लांबीची वीजवाहिनी टाकली गेली आणि स्वातंत्र्यानंतर ७० वर्षांनी इथे कायमची वीज आली. लेण्यांना जागतिक मान मिळाला, त्यानंतरही गावाला तीस वर्षे थांबावे लागले, ही गोष्ट पायऱ्या चढताना आठवली तर दुकानदाराशी हुज्जत घालण्याचा उत्साह थोडा कमी होतो.

१२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू खुला झाला. शिवडीहून निघून तो बेटाच्या उत्तरेकडून न्हावाशेव्याकडे जातो. बेटावरून त्याचे खांब आणि त्यावरून धावणाऱ्या गाड्या दिसतात, पण सेतूचा फाटा घारापुरीला उतरत नाही. तो यावा की न यावा, यावर दोन मते संभवतात. मोटारींचा लोंढा आला, तर लेण्यांचे आणि गावांचे काय होईल, याची कल्पना करवत नाही. पण रात्री दुखणे उद्भवले, तर होडीची वाट पाहणाऱ्या कुटुंबाला हा युक्तिवाद ऐकवणेही कठीण आहे. माझ्यापुरते मत असे, की पुलाची मागणी बाजूला ठेवली तरी आजाऱ्यासाठी रात्री हुकमी उपलब्ध असणारी एक नौका ही चैन नव्हे.

पर्यटकांना बेटावर रात्रीच्या मुक्कामाची परवानगी नसते. त्यामुळे साडेचारपर्यंत जेट्टीकडे वळावे. शेवटच्या लाँचवर नेहमीच झुंबड असते आणि वर सांगितलेली गर्दीची जोखीमही तिथेच सर्वांत मोठी. जाण्या-येण्याचे तिकीट एकच असते, ते सकाळीच हरवू नये.

आणि ज्याच्यावरून पोर्तुगिजांनी या बेटाला 'एलिफंटा' म्हटले, तो दगडी हत्ती बेटावर शोधू नये. १८६४मध्ये तो इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न झाला. उचलताना साखळी तुटली, हत्ती पडून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे पाण्यावरून मुंबईला आणले गेले आणि १९१४मध्ये पुन्हा जोडून उभे केले गेले. आजही तो भायखळ्याला राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे, अंगावरचे सांधे दाखवत. घारापुरीहून परतल्यावर, दुसऱ्या एखाद्या दिवशी त्याला भेटून यावे. बाग आणि संग्रहालय बुधवारी बंद असतात.