असं का? : कपाळाच्या कातडीचं नाक

दौंड जंक्शनच्या फलाटावर नाना प्रांतांतली नाकं दिसतात: सरळ, बसकी, रुंद, बाकदार. आकार हाडाचा आणि कूर्चेचा असतो, पण नाकाची शस्त्रक्रिया ठरते त्वचेवरून. पातळ त्वचेतून कूर्चेचा बारीक उंचवटाही दिसतो. जाड त्वचेखाली नुसतं कोरून भागत नाही. कानाची किंवा बरगडीची कूर्चा आधाराला घालावी लागते. एकच ठरीव नाक सगळ्यांना बसवणं म्हणूनच चूक.

कपाळाच्या त्वचेतून नवं नाक घडवण्याची कला मात्र पुण्याजवळूनच जगाला कळली. इंग्रज फौजेत बैल हाकणाऱ्या कावसजीचं नाक टिपूच्या कैदेत कापलं गेलं. एका देशी कारागिराने ते पुन्हा घडवलं. १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ती हकीकत चित्रासह छापली. मेणाचा साचा कपाळावर पसरून तेवढी त्वचा सोडवली, भुवयांमधला देठ तेवढा राखला. डाळिंबाची गुटी मुळं फुटेपर्यंत झाडावरून तोडत नाहीत, तसंच हे. देठातून रक्त मिळत राहतं, तोवर नव्या जागी रक्तवाहिन्या जुळतात. सुमारे २५ दिवसांनी देठ कापला जाई.

कर्करोगात नाक गमावलेल्यांसाठी आजही कपाळच कामी येतं. माणूस कुठलाही असो, रंगाने आणि पोताने नाकाशी सर्वांत जुळणारी त्वचा तिथेच असते.