मधुमेही माणसाचें मन आणि आपलें घर

पथ्य हा शब्द उच्चारतांच आपली दृष्टि ताटाकडे जाते; मनाकडे जात नाहीं. वस्तुतः जन्मभर सोबत करणाऱ्या मधुमेहासारख्या व्याधींत ताट आणि मन यांचा संबंध फार निकटचा आहे. रोग वाढविणाऱ्या गोष्टींत चरकसंहितेनें विषादाला अग्रस्थान दिलें आहे. सतराव्या शतकांत टॉमस विलिस या इंग्रज वैद्यानें दीर्घ शोक हें मधुमेहाचें कारण मानलें. केवळ शोकानें हा रोग जडतो असें आजचें शास्त्र म्हणत नाहीं. परंतु इतरांच्या मानानें मधुमेही माणसांत विषादरोग सुमारें दुपटीनें आढळतो, हें त्यास मान्य आहे.

असें कां व्हावें? बोट टोचून रक्त पाहणें, वेळच्या वेळीं गोळ्या, इन्सुलिनची सुई, प्रत्येक घासाचें मोजमाप, या नित्यक्रमाला सुटी म्हणून नाहीं. सर्व कांहीं पाळूनही एखादे दिवशीं आंकडा चढतो आणि आपले कष्ट व्यर्थ गेले असें माणसाला वाटतें. त्यांत सणाची पंगत बसते. "आजोबा, पुरणपोळी तुम्हांला नको हं!" असें एक जण म्हणतो, "काल डब्यांतला लाडू तुम्हींच घेतलात ना?" असें दुसरा विचारतो. बोलणारांच्या मनांत प्रेमच असतें. पण ज्यानें चाळीस वर्षें घर चालविलें, त्याला दहा जणांदेखत झडती द्यावी लागते. मग तो पंगत टाळतो, आंकडे लपवितो, चोरून खातो आणि शेवटीं औषधही टाळूं लागतो. म्हणजे जो पहारा साखर आवरण्यासाठीं बसविला, तोच ती वाढवितो!

म्हणून मधुमेही माणसाला पहारेकरी नको, सोबती हवा. त्याच्यासाठीं वेगळें ताट वाढण्यापेक्षां सर्वांच्याच ताटांत भाजी, कोशिंबीर, उसळ अधिक आणि भात, गोड कमी असें करावें. तें साऱ्या घराला हितकर आहे. संध्याकाळीं "फिरायला जा" असें न सांगतां "चला, मीही येतों" असें म्हणावें. रक्तांतील साखरेचा आंकडा म्हणजे परीक्षेचे गुण नव्हेत. तो पाहून शाबासकी किंवा दोष न देतां पुढें काय करावें एवढेंच पाहावें.

मनाचीं वाटणारीं कांहीं लक्षणें देहाचींही असतात. इन्सुलिन अथवा कांहीं गोळ्या घेणारा माणूस एकाएकीं चिडला, घामाघूम झाला, थरथरूं वा असंबद्ध बोलूं लागला, तर प्रथम साखर तपासावी. ती ७० मिलिग्रॅमच्या खालीं असल्यास चहाचे तीन चमचे साखर पाण्यांत विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनीं पुन्हां तपासावें. शुद्ध हरपली असल्यास मात्र तोंडांत कांहींही न घालतां तत्काळ रुग्णालय गांठावें. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांस बी-१२ या जीवनसत्त्वाची उणीव भासूं शकते. त्यानेंही थकवा, विस्मरण आणि उदासीनता येते. याची तपासणी डॉक्टरांस विचारून करून घ्यावी.

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी टिकली, झोप-भूक बिघडली, नातवंडांतही मन रमेनासें झालें, तर "मन घट्ट करा" एवढ्यावर भागवूं नये. नामस्मरणानें धीर येतो. पण तें उपचारांची जागा घेत नाहीं. डॉक्टरांपाशीं साखरेप्रमाणेंच मनाचीही गोष्ट काढावी. "आतां जगून काय करायचें?" असे उद्गार निघाले, तर "जीव देण्याचा विचार मनांत येतो का?" असें शांतपणें, स्पष्ट विचारावें. विचारल्यानें तो विचार रुजत नाहीं. उलट ओझें हलकें होतें. त्या माणसाला एकटें सोडूं नये; इन्सुलिन व औषधें एका विश्वासू माणसानें आपल्या ताब्यांत ठेवून वेळेवर द्यावीं आणि विलंब न लावतां मानसोपचारतज्ज्ञांस गांठावें. सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेली टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य मिळते.

एक गोष्ट आणखी. हा सारा भार बहुधा घरांतील एकाच स्त्रीवर, पत्नीवर किंवा सुनेवर पडतो. तीही माणूसच आहे. एकानें औषधें पाहावीं, दुसऱ्यानें फिरायला न्यावें, तिसऱ्यानें घटकाभर गप्पा माराव्या. एकत्र कुटुंबाचें बळ अशा वेळीं कामीं यावयाचें नाहीं, तर केव्हां?