चाकरमानी रिटर्न्स!

गावच्या गणपतीची धम्माल संपली. हॉलमध्ये बॅगा तशाच पडल्यात, मेलबॉक्स तुडुंब भरलाय आणि सकाळचा अलार्म जानी दुश्मन वाटतोय. गावाहून घरी परतणं सोपं, पण रुटीनमध्ये परतणं? त्याचाच हा फंडा...

बाप्पांना निरोप दिला की कोकणातल्या वाडीवाडीत एकच गडबड उडते. नारळ सोलायचे, तांदळाचं बोचकं बांधायचं, कोकमाचं आगळ सांडणार नाही अशा बेतानं बाटलीत भरायचं आणि परतीची गाडी गाठायची. गणपती दीड दिवसाचा असो, गौरीबरोबर जाणारा असो की अनंत चतुर्दशीपर्यंतचा, चाकरमान्याची परतीची वाट काही चुकत नाही. १९९८मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि गाव जवळ आलं खरं. पण गणपतीतलं कन्फर्म तिकीट म्हणजे आजही लॉटरीच!

आणि मग उजाडतो तो दिवस. आठ-दहा दिवस आरत्या, भजनं, फुगड्या आणि उकडीच्या मोदकांत गेलेले. आता समोर ७:४२ची लोकल, टिफिन, मुलांची परीक्षा आणि बॉसचा ‘वेलकम बॅक’वाला मेल. अंगात जीव नाही, कामात लक्ष नाही, घरात सगळे एकमेकांवर खेकसतायत. तुमच्याकडेही सध्या हेच चित्र आहे? मग पुढे वाचा.

मूड जातो कुठे?

‘सुट्टीवरून फ्रेश होऊन आलास ना?’ असं कुणी विचारलं की हसावं की रडावं कळत नाही. पण यात तुमचं काही चुकत नाही. नेदरलँड्समध्ये १,५३० जणांचा एक अभ्यास झाला होता, तो २०१०मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आढळलं की सुट्टीवर जाणारे लोक घरी राहणाऱ्यांपेक्षा जास्त खुशीत असतात ते सुट्टीच्या आधी! परतल्यावर मात्र ते आणि घरीच राहिलेले लोक, दोघांच्या आनंदात फारसा फरक उरत नाही. अपवाद फक्त ज्यांची सुट्टी अगदी निवांत गेली त्यांचा, आणि तोही जेमतेम दोन आठवडे. तिथल्याच संशोधकांनी २०१३मध्ये आणखी एक निष्कर्ष मांडला. लांब सुट्टीत माणसाला सगळ्यात छान वाटतं ते साधारण आठव्या दिवशी, आणि कामावर परतल्यावर पहिल्याच आठवड्यात तो परिणाम विरून जातो.

आता आपली सुट्टी आठवा. दहा-बारा तासांचा प्रवास, एका घरात पंचवीस माणसं, रात्री दोनपर्यंत भजन आणि पहाटे पाचला आंघोळीसाठी नंबर. मजा सॉल्लिड आली, पण विश्रांती? ती कुणी घेतली? त्यामुळे आल्या आल्या थकवा जाणवला तर स्वतःला आळशी म्हणू नका. शरीर फक्त हिशेब मागतंय.

आधी घड्याळ जुळवा

शरीरात एक घड्याळ असतं, हे आजी सांगायचीच. ते पेशींच्या पातळीवर कसं चालतं हे उलगडणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. या घड्याळाला चावी देतो तो मुख्यतः प्रकाश. म्हणूनच गावी जागरणं केलीत तर इथे येऊन ‘आज लवकर झोपू’ असं ठरवून झोप येत नाही. झोपायची नाही, उठायची वेळ आधी पक्की करा. रात्री कितीही वाजले तरी सकाळी ठरलेल्या वेळी उठा आणि चहाचा कप घेऊन सरळ खिडकीत किंवा गॅलरीत जा. ढगाळ असलं तरी बाहेरचा उजेड ट्यूबलाइटपेक्षा खूप जास्त असतो.

दुपारी डुलकी लागलीच तर वीस मिनिटांत आटपा. चारनंतरची कॉफी काही दिवस बंद. मुलांच्या बाबतीत घाई नको. त्यांची झोपायची वेळ रोज पंधरा मिनिटांनी अलीकडे आणा. चार-पाच दिवसांत गाडी रुळावर येते.

बंद घराचा वास

पावसाळ्यात आठ-दहा दिवस बंद राहिलेलं घर उघडलं की येणारा तो कुबट वास! आधी सगळ्या खिडक्या उघडा, पंखे फुल स्पीडवर. कपाटातल्या चामडी बेल्टवर, बुटांवर पांढरी बुरशी आली असेल तर ती गॅलरीत नेऊन कोरड्या फडक्यानं पुसा, घरात झटकू नका. नळ थोडा वेळ सोडून ठेवा, साठलेलं पाणी जाऊ दे. डाळी-रवा चाळून बघा, पोरकिडे आपली वाट बघत नाहीत.

पण सगळ्यात महत्त्वाचं काम वेगळंच आहे, आणि ते बहुतेक जण विसरतात. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणजे जवळपास तुमची सुट्टी होती तितकेच! त्यामुळे बॅग उघडायच्या आधी कुंड्यांखालच्या ताटल्या, बाथरूममधली भरलेली बादली, फ्रीजच्या मागचा पाण्याचा ट्रे आणि गॅलरीतला जुना डबा रिकामा करा आणि आतून घासून घ्या. अंडी कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत. आल्यावर दोन आठवड्यांत अचानक जोराचा ताप आला तर ‘प्रवासाचा शीण’ म्हणून अंगावर काढू नका. डॉक्टरांना दाखवा आणि कुठून आलात तेही सांगा. कारण गावाकडे भातशेतीत उतरला असाल तर त्यांना लेप्टोचाही विचार करावा लागतो.

कपड्यांचा डोंगर कुणाचा?

आता नाजूक मुद्दा. चार माणसांचे दहा दिवसांचे कपडे, त्यातले निम्मे ओले, आणि बाहेर पाऊस. हा डोंगर उपसतं कोण?

केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं जात असल्याचं दिसलं. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटं. म्हणजे बायकांची जवळजवळ पाच तास, पुरुषांची दीड तासाच्या आसपास. हे रोजचं. सुट्टीनंतरच्या आठवड्यात काय होत असेल याची कल्पनाच करा.

आणि जरा मागे जाऊन बघा. गावी नवरोबा मंडपात, ढोलकीवर, पत्त्यांच्या डावात. सूनबाई कुठे होत्या? चुलीपाशी, पंचवीस पानांच्या पंगतीत, एकवीस मोदकांच्या नैवेद्यात. तिची सुट्टी झालीच कधी? तीही सोमवारी त्याच लोकलनं त्याच गर्दीत ऑफिसला जाणार आहे. तरी परतल्यावर वॉशिंग मशीनचं बटण आपोआप तिच्याच वाट्याला येतं. मग तिसऱ्या दिवशी एखाद्या टॉवेलवरून कडाक्याचं भांडण होतं आणि त्याला कळतच नाही की एवढं झालं काय!

यावर उपाय ‘मी मदत करतो ना’ हा नाही. मदत म्हटलं की काम तिचंच राहतं. कामं अख्खी वाटून घ्या. कपडे म्हणजे भिजवण्यापासून घडी करून कपाटात ठेवेपर्यंत एकाचं. किराणा, दूध, मुलांचं दप्तर दुसऱ्याचं. ‘हे कुठे ठेवू, ते कधी करू’ असं विचारायचं नाही. टीनएजर असेल तर त्याची बॅग त्यानंच रिकामी करायची.

आणि हो, कामवाल्या ताईंचं विसरू नका. त्यांच्याही घरी गणपती होता. दहा दिवसांची जळमटं एकाच सकाळी त्यांच्यावर ढकलू नका. दोन-तीन दिवसांत काम वाटून द्या, जास्तीच्या कामाचे पैसे द्या आणि गावाहून आणलेल्यातला एक नारळ आठवणीनं हातावर ठेवा.

ऑफिसात हळू गिअर

जमलं तर प्रवास आणि ऑफिस यांच्यात एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा. कामावर सोमवारऐवजी बुधवारी-गुरुवारी हजर झालात तर आणखी मस्त, दोन-तीन दिवसांत वीकएंड येतो. ‘आऊट ऑफ ऑफिस’ रिप्लाय एक दिवस जास्त चालू राहू द्या. मेल वाचताना नवीन ते जुने असा क्रम ठेवा. निम्मे प्रश्न तोवर आपोआप सुटलेले असतात. पहिल्या दिवशी मोठं प्रेझेंटेशन, अप्रेजलची चर्चा, राजीनामा यातलं काहीही नको. विशेषतः राजीनामा! सुट्टीनंतर नोकरी सोडावीशी वाटणं कॉमन आहे. महिनाभरानंतरही तसंच वाटलं तर मात्र विषय सिरियस आहे. आणि टीमसाठी मालवणी खाजं न्यायला विसरू नका, वातावरण निम्मं तिथेच निवळतं.

पोटाला सुट्टी

‘उद्यापासून फक्त सॅलड!’ ही प्रतिज्ञा तीन दिवस टिकते. त्यापेक्षा गावाहून आणलेल्या पिशवीत हात घाला. सकाळी उकड्या तांदळाची पेज, रात्री कुळथाची पिठी आणि भात, नाहीतर मुगाची खिचडी. करायला वीस-पंचवीस मिनिटं, पोटाला आराम, आणि जिभेवर गाव अजून थोडे दिवस राहतं.

तिकडचं घर

आपल्या रुटीनचं झालं. पण एक रुटीन आपण तिकडे मोडून आलोय, त्याचं काय? दहा दिवस जे घर गजबजलेलं होतं, तिथे आता आई-बाबा दोघंच. कुठे कुठे तर एकटी आई. पडवीत चपलांचा ढीग होता, तिथे आता दोन जोड. आपल्याला लोकल, मीटिंग, ट्रॅफिक गिळून टाकतं. त्यांच्याकडे गिळणारं काहीच नसतं. मुंबईत आपल्याला जो ‘ब्लू मंडे’ वाटतो, तो त्यांच्याकडे महिनाभर चालतो, आणि ते कधीच बोलून दाखवत नाहीत. फोनवर ‘आम्ही मजेत आहोत’ एवढंच.

‘पोचलो’ असा एक कॉल पुरेसा नाही. फोनची वेळ ठरवा. रोज रात्री नऊ, किंवा रविवारी सकाळी नातवंडांसकट व्हिडिओ कॉल. बाबांच्या बीपीच्या गोळ्या किती उरल्या, गॅस सिलिंडर कधी लावला, फोनचा रिचार्ज कधी संपतो, हे सगळं तुमच्या कॅलेंडरमध्ये रिमाइंडर म्हणून टाका. गावी असताना तुम्ही आईच्या गुडघ्यांकडे बघितलंत, ‘डॉक्टरला दाखवू’ म्हणालात. ती अपॉइंटमेंट या आठवड्यात घ्या. पुढच्या गणपतीपर्यंत गुडघा थांबणार नाही.

लंडनमधल्या एका संशोधनात ९६ जणांनी एकेक नवी सवय लावून बघितली. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागल्याचं दिसलं. दिलासा हा की मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय मोडत नाही. तेव्हा नऊचा फोन एके दिवशी राहिला तर दुसऱ्या दिवशी करा, पण करा.

पहिला आठवडा, पटापट

* दिवस १ : साचलेलं पाणी काढा, खिडक्या उघडा, गावी फोन.
* दिवस २ : कामांची वाटणी, कपड्यांची पहिली खेप, लवकर जेवण.
* दिवस ३ : ऑफिस. फक्त मेल आणि लहान कामं.
* दिवस ४ : किराणा, मुलांचं परीक्षेचं वेळापत्रक.
* दिवस ५ : अर्धा तास चालणं, फोन बाजूला.
* दिवस ६ : बॅगा माळ्यावर. हॉलमध्ये दिसत राहिल्या तर सुट्टी संपतच नाही!
* दिवस ७ : दुपारी कुणीही काही काम करायचं नाही. कुणीही म्हणजे कुणीही.

आणि मूड अगदीच डाऊन असेल तर पुढचं तिकीट बुक करा. सुट्टीची मजा ती सुरू होण्याआधीच सुरू होते, हे आता शास्त्रानंही सांगितलंय. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. म्हणजे दिवाळीनंतरचा एखादा वीकएंड मिळतोय का ते बघायला हरकत नाही. गणपती नसताना, गर्दी नसताना, नुसतं आई-बाबांना भेटायला म्हणून!