अर्काची परीक्षा कशी होते?
शहापूरच्या वनधन केंद्रातली कातकरी मंडळी रानातून गोळा करतात ती गुळवेल औषध कंपन्यांकडे जाते. तिचा अर्क प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशींवरही तपासला गेला आहे. अशा चाचण्या खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’ या कर्करोग संशोधन केंद्रात होतात.

९६ खळग्यांच्या प्लास्टिकच्या तबकडीत ३७ अंश तापमानाला पेशी वाढवतात. मग अर्क वेगवेगळ्या मात्रांत घालून ४८ तास थांबायचं. शेवटी सल्फोऱ्होडामाइन-बी हा रंग. तो पेशींतल्या प्रथिनांना धरतो. जास्तीचा धुऊन टाकला की जितक्या पेशी उरल्या तितका खळगा गुलाबी. तुलनेला शेजारी ॲड्रियामायसिन हे सिद्ध औषध असतं. पण खळग्यात पेशी मिठाच्या जास्त मात्रेनेही मरतात! म्हणून तोच अर्क निरोगी पेशींवर घालून पाहणं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. निव्वळ या निकालावर भिस्त ठेवून कुणी उपचार सोडून काढा घेऊ लागला, तर ते जिवावर बेतेल.

तरी वनस्पतींतून कर्करोगावरची खरी औषधंही मिळाली आहेत. नंदुरबारला जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणी आणि त्यांचे सहकारी मन्रो वॉल यांनी १९६६ साली एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन वेगळं केलं. आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही ते असतं. त्यापासून घडवलेल्या टोपोटेकान या कर्करोगावरच्या औषधाला अमेरिकेत मंजुरी मिळाली १९९६मध्ये.