अठ्ठ्याऐंशी अक्षरं अलीकडे

सकाळी पावणेआठ. शगुन चौकातली दुकानं अजून बंद. फाळणीनंतर वसलेल्या पिंपरी कॅम्पात सिंधी घरं भरपूर, आणि सिंधी समाजात बीटा थॅलेसेमियाचं प्रमाण जास्त. म्हणून आमच्या लॅबला हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या एचपीएलसीचं काम रोजचंच. मशिन चालू करून कंट्रोल लावते.

साडेआठ. चाकणची थर्ड शिफ्ट करून एक जण थेट आलाय. बायको दहा आठवड्यांची गरोदर, थॅलेसेमिया मायनर, म्हणजे वाहक निघालीय. "ताई, मला काही होत नाही, मग माझं रक्त कशाला?" म्हणत हात पुढे करतो. जांभळ्या झाकणाची ट्यूब भरते.

अकरा. त्याचं हिमोग्लोबिन ए-टू २.८ टक्के, लाल पेशींचा आकारही नीट. डॉक्टरांची सही झाल्यावर फोन करते, "काळजी मिटली, झोपा आता."

साडेबारा. एका सात वर्षांच्या मुलाचा डीएनए रिपोर्ट आला. आईवडील दोघंही मायनर. तरी पोरगं शाळेत जातं, हिमोग्लोबिन आठच्या वर, रक्त क्वचितच चढवावं लागतं. त्याच्या चुलतभावाला मात्र दर तीन आठवड्यांनी पिशवी लागते. घरच्यांनी हा फरक नशिबावर टाकलाय.

वडिलांकडून आलेला बदल 'आयव्हीएस-१-५', सिंध्यांत नेहमी दिसणारा. त्यात आरएनएची जोडणीच चुकते. आई पंजाबी, तिचा '-८८ सी टू टी'. प्रथिनाचा मजकूर असतो त्या भागात हा बदल नाहीच. वाचन जिथून सुरू होतं त्याच्या ८८ अक्षरं अलीकडे 'सीएसीसीसी' अशी जागा आहे. केएलएफ-१ हे प्रथिन तिथे बसलं की ग्लोबिन जोरात बनतं. एका सीचा टी झाला की त्याची पकड सैल होते. ग्लोबिन कमी बनतं, पण बनतं, आणि बनतं ते अगदी नेहमीचं. शिवाय गॅमा जनुकाआधी -१५८ वरही या मुलाला टी मिळालाय. गर्भातलं हिमोग्लोबिन टिकायला त्याची मदत होते. नुसता 'मेजर-मायनर'चा शिक्का मारून फाइल मिटणं मला कधीच पटलं नाही.

चार. मुलाचे वडील फर्स्ट शिफ्ट सुटून प्रेस शॉपमधून आलेत. डॉक्टरांचं ऐकून म्हणतात, "म्हणजे मशिन नीट आहे, ऑपरेटर जागेवर टिकत नाही." इतकं नेमकं मला सुचलं नसतं. आई विचारते, परदेशात जीन कापून बरं करतात ना? करतात. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर केलेल्या कॅसजेव्ही या उपचारात, गर्भातलं हिमोग्लोबिन दाबून ठेवणाऱ्या बीसीएल-११-ए जनुकाच्या एन्हान्सरमध्ये, गाटा-१ प्रथिन बसतं तिथेच काप देतात. मग ते हिमोग्लोबिन पुन्हा वाढतं. पण आधी केमोथेरपी, अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर, आणि तेही बारा वर्षांपुढच्या, रक्तावरच जगणाऱ्यांसाठी. "याला ते नकोच," डॉक्टर म्हणतात.

आईच्या पर्समधून लोहाच्या गोळ्या निघतात. मुलगा फिकट दिसतो म्हणून कुणीतरी फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, न बघताच लिहून दिलेल्या. या आजारात आतडं आधीच गरजेपेक्षा जास्त लोह शोषतं. गोळ्या बंद, फॉलिक ॲसिड चालू, तीन महिन्यांनी परत तपासणी.

उठता उठता ती सांगते, धाकट्या बहिणीचं लग्न ठरतंय. "पत्रिकेआधी दोघांचं रक्त पाठवा," मी म्हणते.

"उपाशीपोटी?"

"जेवून आले तरी चालेल."