सा लावा, पण घसा सांभाळून!

सोमवार ते शुक्रवार ऑफिस आणि शनिवार-रविवार गाण्याचा क्लास, असं डबल लाइफ जगणारं कुणीतरी तुमच्याही ग्रुपमध्ये असेल. कॉलेजात असतानाच विशारद झालेली मैत्रीण किंवा सोसायटीतल्या दहा-बारा पोरांना हार्मोनियमवर सरगम घोकायला लावणारा कलीग. रविवारी रात्री त्यांना फोन करून बघा. अर्धा आवाज, अर्धी खरखर! विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘क्लास होता ना, चालायचंच!’

चालायचंच? अजिबात नाही, बॉस.

अमेरिकेतल्या आयोवा आणि युटा या दोन राज्यांत शिक्षकांच्या आवाजाची एक मोठी पाहणी झाली. ती 2004 साली प्रसिद्ध झाली. आयुष्यात कधी ना कधी आवाजाचा त्रास झालाय, असं सांगणारे शिक्षक होते 57.7 टक्के आणि इतर लोक 28.8 टक्के. म्हणजे थेट दुप्पट! हे झाले शाळेत फळ्यासमोर बोलणारे शिक्षक. गाण्याच्या मास्तरांना तर बोलायचंही असतं, गायचंही असतं आणि तेही हार्मोनियम, तबला, पंखा आणि पोरांच्या गोंगाटाच्या वरच्या आवाजात.

या विषयासाठी मी माहुल गाठलं ते मुद्दाम. इथे गळा टिकवता आला तर मुंबईत कुठेही टिकेल, हा साधा हिशेब. चेंबूरहून रिक्षाने निघालं की थोड्याच वेळात रिफायनऱ्यांच्या टाक्या आणि चिमण्या दिसायला लागतात. मूळ कोळीवाडा आहे, खाडीवर फ्लेमिंगोही येतात, पण बाहेरच्यांना माहुल माहीत आहे ते प्रकल्पग्रस्तांच्या 72 इमारतींमुळे आणि हवेमुळे. केईएम हॉस्पिटलने 2013 मध्ये इथे पाहणी केली तेव्हा सुमारे दोन तृतीयांश लोकांनी महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागते, असं सांगितलं होतं. कुणालाही इथे राहायची सक्ती करता येणार नाही, असं हायकोर्टाने 2019 मध्ये सरकारला बजावलं. तरी इथे माणसं राहतात. आणि माणसं राहतात तिथे गाण्याचा क्लासही असतोच!

असाच एक क्लास मी पाहिला. सव्वादोनशे स्क्वेअर फुटांचं घर, चटईवर नऊ मुलं, एक हार्मोनियम. ताई चाळिशीच्या आसपासच्या. आवाज गोड, पण वाक्याच्या शेवटी किंचित फाटणारा. आठवड्यातून चार बॅच घेतात. आवाज बसला की बॅच बुडते, बॅच बुडली की फी मागायला संकोच वाटतो. त्यांच्या लेखी घशाची काळजी हा घरखर्चाचाच भाग आहे.

उदबत्ती विझवा आधी

क्लास सुरू होताना सरस्वतीच्या फोटोला उदबत्ती. हे सगळीकडेच असतं. श्रद्धा आहे, ठीकच आहे, पण बंद खोलीत नऊ मुलं तोंडाने श्वास घेणार आणि तो धूर सरळ घशात जाणार. एरवी आपण नाकाने श्वास घेतो. नाक हवा गाळतं, ओली करतं, कोमट करतं. गाताना दोन ओळींच्या मधे चटकन श्वास हवा असतो, तो तोंडाने घेतला जातो आणि ही सगळी सोय बायपास होते. म्हणून उदबत्ती क्लासच्या आधी दाराबाहेर लावा. आणि जिथे ओळींमध्ये जागा आहे तिथे मुलांना नाकानेच श्वास घ्यायची सवय लावा.

दुसरी गोष्ट जरा जुन्या मंडळींना झोंबेल. पहाटेचा रियाझ! थंडीत मुंबईची गार, जड हवा पहाटे जमिनीलगत अडकून बसते, धूर-धूळ वर जात नाही. डिसेंबर-जानेवारीत पाच वाजता खिडकी उघडून खर्ज लावण्यापेक्षा ऊन वर आल्यावर बसलेलं बरं. मोबाइलवर हवेचा इंडेक्स बघा आणि मग वेळ ठरवा. माहुलच्या ताई हे इंडेक्सशिवाय करतात. वास आला की खिडकी बंद, त्या दिवशी तारसप्तक बंद. फक्त पाठांतर आणि हलकं गुणगुणणं.

सगळ्यांना एकच पट्टी?

माझ्या मते गाण्याच्या क्लासमधला सगळ्यात मोठा घोळ हाच. मास्तरांची पट्टी तीच वर्गाची पट्टी. पुरुष शिक्षक काळी एकमध्ये गाणार आणि मुली एकतर खाली घोगरणार किंवा वर किंचाळणार. काळी एकच्या षड्जाला पुरुषाच्या स्वरतंतू सेकंदाला साधारण 139 वेळा एकमेकींवर आपटतात. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईच्या साधारण 208 वेळा, आणि तार षड्जाला त्याच्या दुप्पट. चुकीच्या पट्टीत तासभर ओरडणं म्हणजे लाखो वेळा चुकीचं आपटणं. त्यातूनच पुढे तंतूंवर गाठी येतात.

पट्टी शोधायची सोपी युक्ती आहे. शिष्याला हळूहळू खाली उतरवा. जो सगळ्यात खालचा सूर न घोगरता, न दाबता लागतो, त्याला मंद्र पंचम धरा. त्यावरून षड्ज ठरवा. मग तार गंधारापर्यंत नेऊन बघा. मानेच्या शिरा ताणल्या, हनुवटी वर गेली, की पट्टी अर्ध्या सुराने खाली आणा. मोठ्या वर्गात दोन गट करा, एक गातो तेव्हा दुसरा ऐकतो. मुलांचा आवाज फुटायच्या वयात, म्हणजे साधारण बारा ते पंधरा, गाणं बंद करू नका. पण वरच्या सुरांची जबरदस्ती नको, पट्टी दर काही महिन्यांनी पुन्हा तपासा आणि पोरगा खजील होणार नाही एवढं बघा.

हे काही परदेशी फॅड नाही हं. याच मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांनी 1925 मध्ये स्कूल ऑफ इंडियन म्युझिक काढलं. विष्णु दिगंबरांचे हे शिष्य आवाजाच्या शास्त्राचाही पद्धतशीर अभ्यास करत होते. आवाज साधनेचं ते काम त्यांच्याकडे शिकलेल्या डॉ. अशोक रानड्यांनी पुढे नेलं. देवधरांचेच शिष्य कुमार गंधर्व. ऐन तारुण्यात क्षय झाला, एक फुप्फुस जवळजवळ निकामी, काही वर्षं गाणं बंद. 1950 च्या दशकात ते परतले ते छोट्या, झेपावणाऱ्या स्वरवाक्यांची गायकी घेऊन. श्वास जेवढा, तेवढंच वाक्य! धाप लागणाऱ्या मुलाला लांबच लांब आलाप घ्यायला लावणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने हे लक्षात ठेवायला हवं. किशोरीताई आमोणकरांचाही आवाज तरुणपणी गेला होता. सुमारे दोन वर्षं त्या गायल्या नाहीत.

स्ट्रॉ आणि पाण्याचा ग्लास

क्लासआधी पाच मिनिटं वॉर्मअप करा. ग्लासात दोन बोटं पाण्यात स्ट्रॉ बुडवून बुडबुडे काढत ‘ऊ’ म्हणा, खालून वर, वरून खाली. तोंड अर्धवट बंद असलं की आतला हवेचा दाब तंतूंना आधार देतो आणि त्या हलक्या हाताने भेटतात. मुलांना तर हा खेळच वाटतो. माहुलच्या क्लासमध्ये पाच मिनिटं नुसता बुडबुड-खिदळण्याचा कार्यक्रम चालला होता.

मिठाच्या गुळण्यांनी घशाला आराम पडतो, पण ते पाणी स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही. पोचलं तर ठसका लागेल! त्यांना ओलावा मिळतो तो दिवसभर प्यायलेल्या पाण्याने आणि वाफेने. सारखं खाकरणं बंद करा, त्याऐवजी घोटभर पाणी गिळा. आवाज बसल्यावर कुजबुजू नका, त्यानेही ताण येतो. गप्प बसणंच बरं. रात्री अकराला मिसळपाव खाऊन लगेच आडवं होणाऱ्यांच्या पोटातलं आम्ल घशाशी येतं आणि सकाळी आवाज जड. त्याला रियाझ काय करणार?

क्लासमध्ये प्रत्येक ओळ स्वतः दहा वेळा गाऊन दाखवू नका. एकदा गा, मोबाइलवर रेकॉर्ड करा, तेच वाजवा. दोन बॅचमध्ये पंधरा मिनिटं पूर्ण मौन. ताईंनी हे ऐकून हसत विचारलं, ‘आणि पालक आले फी द्यायला, तर?’ मुद्दा बिनतोड आहे!

आणि दोन-तीन आठवडे आवाज घोगरा राहिला, गाताना दुखलं किंवा अचानक गेला, तर ज्येष्ठमधावर दिवस काढू नका. नाक-कान-घसा तज्ज्ञाकडे जाऊन दुर्बिणीने तंतू बघून घ्या. नायर हॉस्पिटलशी जोडलेली स्पीच थेरपीची शाळा आहे, वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे. जाताना रविवार रात्रीचं आणि सोमवार सकाळचं, एकाच पट्टीतल्या सा-चं रेकॉर्डिंग मोबाइलमध्ये घेऊन जा. आणि मी गाणं शिकवते, आठवड्याला इतके तास, हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा.