मांजरांचे कोरडे खाद्य : किलोच्या भावापेक्षा दिवसाचा खर्च पाहणे हिताचे

भिलाई (छत्तीसगड) : मांजरासाठी कोरडे खाद्य निवडताना पाकिटावरील किंमत आणि पुढच्या बाजूचे आकर्षक शब्द यांपेक्षा मागच्या बाजूची बारीक अक्षरे अधिक महत्त्वाची असतात. खाद्य कोणत्या वयाच्या मांजरासाठी आहे, त्यात टॉरिन आहे काय आणि दिवसाकाठी ते किती ग्रॅम द्यावे लागेल, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यास मर्यादित खर्चातही पोषक आहार देणे शक्य होते. या प्रश्नांकडे दुर्लक्ष झाल्यास मात्र खाद्यावर वाचलेली रक्कम पुढे उपचारांवर खर्ची पडू शकते.

पोलाद कारखान्यासोबत वाढलेल्या भिलाईत विदर्भासह देशाच्या विविध भागांतून आलेली कुटुंबे राहतात. सेक्टरमधील वसाहतींतून मांजर पूर्वीपासून आहे. परंतु दूध-भातावर आणि ताटातील उरलेल्या अन्नावर वाढणाऱ्या मांजराची जागा आता घरातच राहणाऱ्या, निर्बीजीकरण झालेल्या मांजराने घेतली आहे. बाहेर उंदीर-पाखरांची शिकार करणारे मांजर आपली गरज स्वतः भागवते. बंद घरातील मांजर मात्र वाडग्यात जे पडेल त्यावरच सर्वस्वी अवलंबून असते.

मांजराची गरज वेगळी का?

मांजर हा मांसाहारावरच जगणारा प्राणी आहे. टॉरिन हे अमिनो आम्ल त्याच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही. ते मांस, मासे यांतून किंवा खाद्यात मिसळून मिळावे लागते. टॉरिनच्या अभावाने मांजराच्या दृष्टिपटलाचा ऱ्हास होतो, हे १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी याच अभावाचा हृदयाच्या स्नायूंच्या आजाराशी असलेला संबंध दाखवून दिला. त्यानंतर उत्पादकांनी खाद्यातील टॉरिनचे प्रमाण वाढवले.

गाजरासारख्या वनस्पतींतील घटकांपासून ‘अ’ जीवनसत्त्व तयार करण्याची क्षमताही मांजरात नाही. त्यामुळे स्वस्त पडते म्हणून श्वानांचे खाद्य मांजराला देणे योग्य ठरत नाही. त्यात प्रथिने कमी असतात आणि टॉरिन असेलच असे नाही. दूध-भातातूनही ही गरज भागत नाही. शिवाय अनेक प्रौढ मांजरांना दूध पचत नाही.

वेष्टनावर काय पाहावे?

सर्वप्रथम ते ‘संपूर्ण व संतुलित’ खाद्य आहे काय आणि पिल्लांसाठी आहे की प्रौढांसाठी, हे पाहावे. ‘पूरक’ असा उल्लेख असल्यास ते एकमेव आहार म्हणून देऊ नये. अमेरिकेतील पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांच्या ‘आफको’ या संघटनेच्या निकषांनुसार ओलावा वगळून प्रौढ मांजराच्या खाद्यात किमान २६ टक्के, तर पिल्ले, गाभण आणि दूध पाजणाऱ्या मांजरींच्या खाद्यात किमान ३० टक्के प्रथिने आवश्यक आहेत. स्निग्धांश दोन्हींत किमान ९ टक्के, तर कोरड्या खाद्यातील टॉरिन किमान ०.१ टक्का असावे लागते. भारतीय मानक ब्युरोनेही श्वान व मांजरांच्या खाद्यासाठी आयएस ११९६८ हे मानक ठरवले आहे.

‘क्रूड प्रोटीन’ हा आकडा नायट्रोजन मोजून काढला जातो. प्रथिने कोणत्या दर्जाची आहेत, हे त्यावरून कळत नाही. २००७ मध्ये उत्तर अमेरिकेत याचा गंभीर प्रत्यय आला. नायट्रोजनयुक्त मेलामाइनची भेसळ केलेला कच्चा माल वापरल्याने अनेक प्राण्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि मोठ्या प्रमाणावर खाद्य बाजारातून परत घ्यावे लागले. म्हणूनच आकड्यासोबत घटकांची यादीही वाचावी लागते. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. चिकन, मासे किंवा ‘चिकन मील’ म्हणजे वाळवून दळलेले मांस यांची नावे प्रारंभी असणे चांगले. मका, गहू, तांदूळ अशी धान्ये वेगवेगळी लिहिलेली असल्यास त्यांची बेरीज मांसापेक्षा अधिक असू शकते. ‘मासळीच्या चवीचे’ या शब्दांवरून त्यात मासळी किती आहे, हे सिद्ध होत नाही. ‘ग्रेन फ्री’ अर्थात धान्यविरहित खाद्य महाग असते; परंतु केवळ तेवढ्यामुळे ते अधिक आरोग्यदायी ठरत नाही.

हिशेब ग्रॅमचा

चार किलो वजनाच्या, घरातच राहणाऱ्या प्रौढ मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० किलोकॅलरी पुरतात. पाकिटावर उष्मांक दिलेले नसल्यास त्यांचा अंदाज घरीच काढता येतो. प्रथिने, स्निग्धांश, तंतू, ओलावा आणि राख यांच्या टक्केवारीची बेरीज १०० मधून वजा केल्यास कर्बोदकांचे प्रमाण मिळते. राखेचा उल्लेख नसल्यास ती सात-आठ टक्के धरावी. त्यानंतर प्रथिने व कर्बोदकांना ३.५ ने आणि स्निग्धांशाला ८.५ ने गुणून बेरीज करावी.

उदाहरणादाखल, २८ टक्के प्रथिने, १० टक्के स्निग्धांश आणि ४० टक्के कर्बोदके असलेल्या खाद्यात १०० ग्रॅममागे सुमारे ३२० किलोकॅलरी असतात. ३४, २२ आणि २६ टक्के असे प्रमाण असलेल्या दुसऱ्या खाद्यात त्या सुमारे ४०० भरतात. पहिल्याचा दर किलोला ३०० रुपये आणि दुसऱ्याचा ३८० रुपये मानला, तरी २४० किलोकॅलरीसाठी पहिले ७५ ग्रॅम, तर दुसरे ६० ग्रॅमच लागते. दिवसाचा खर्च अनुक्रमे २२ रुपये ५० पैसे आणि २२ रुपये ८० पैसे येतो. किलोमागे ८० रुपयांचा भासणारा फरक महिन्याला अवघा नऊ रुपये उरतो. वेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार पाकिटावर प्रतिग्रॅम किंवा प्रतिकिलो दरही छापावा लागतो. त्यामुळे लहान-मोठ्या पाकिटांची तुलना सुलभ होते.

खरी बचत मोजून देण्यात आहे. वाडगे सदैव भरलेले ठेवल्यास खाद्य अधिक संपते आणि निर्बीजीकरण झालेले मांजर लठ्ठ होते. स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर एकदा मोजून वाटीवर खूण केल्यास रोजचे काम सोपे होते.

सुटे खाद्य आणि पावसाळा

मोठ्या पोत्यातून सुटे विकले जाणारे खाद्य स्वस्त मिळते. परंतु त्यावर उत्पादनाची तारीख, मुदत आणि बॅच क्रमांक नसतो. उघड्यावर राहिलेल्या खाद्यातील स्निग्धांश खवट होतो आणि पावसाळी हवेत बुरशी धरण्याचा धोका वाढतो. काही बुरशींची विषे यकृताला घातक असतात. एक मांजर असलेल्या घरात महिन्याला दीड ते दोन किलो खाद्य लागते. त्यामुळे महिना-दीड महिन्यात संपेल एवढेच पाकीट घ्यावे आणि ते मूळ वेष्टनासह हवाबंद डब्यात ठेवावे.

पाणी हा दुसरा निम्मा आहार

कोरड्या खाद्यात साधारण ८ ते १० टक्के, तर ओल्या खाद्यात ७५ टक्क्यांहून अधिक पाणी असते. भिलाईत उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो, तेव्हा हा फरक जाणवतो. मांजराला तहान कमी लागत असल्याने घरात दोन-तीन ठिकाणी रुंद भांड्यांतून स्वच्छ पाणी ठेवावे. मीठ-मसाला, कांदा व लसूण न घातलेले चिकनचे पातळ पाणी खाद्यावर ओतता येते. कांदा-लसूण मांजराला विषारी ठरतात. उकडलेले चिकन वा अंडे दिल्यास ते दिवसाच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांपर्यंतच असावे.

बोक्यांमध्ये मूत्रमार्ग तुंबण्याचा धोका अधिक असतो. बोका वारंवार लघवीला बसत असेल, परंतु लघवी होत नसेल, तर खाद्य बदलून वाट पाहू नये. एक-दोन दिवसांचा विलंबही जिवावर बेतू शकतो.

नवे खाद्य सात ते दहा दिवसांत, जुन्यात थोडे थोडे मिसळत सुरू करावे. उपाशी राहिल्यावर मांजर आपोआप खाईल, ही समजूत घातक आहे. सलग दोन-तीन दिवस न खाल्ल्यास, विशेषतः लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी साचू शकते. पिल्ले, वृद्ध मांजरे आणि मूत्रपिंड वा मूत्रमार्गाचा आजार असलेल्या मांजरांसाठी खाद्य निवडण्यापूर्वी पशुवैद्यकाचा सल्ला आवश्यक आहे. भिलाईलगतच्या दुर्गजवळ अंजोरा येथे शासकीय पशुवैद्यक महाविद्यालय आहे. सल्ल्यासाठी जाताना खाद्याच्या पाकिटाच्या मागील बाजूचे छायाचित्र सोबत असल्यास पशुवैद्यकांना मार्गदर्शन करणे सोपे जाते.